अचानक उठलेलं डोकं अंगावर काढू नका

डोकं दुखलं की आपल्याकडे कारण तयारच असतं: पित्त झालं, ऊन लागलं, जागरण झालं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण एक डोकेदुखी अशी आहे की बाम चोळून झोपणं जिवावर बेतू शकतं. ती हळूहळू चढत नाही. काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात, असह्य होते. ‘बादली उचलली आणि डोक्यात काहीतरी फुटलं,’ असं रुग्ण सांगतो. म्हणून ‘किती दुखतंय’ यापेक्षा ‘सुरू कसं झालं’ हा प्रश्न आम्हा डॉक्टरांना महत्त्वाचा वाटतो.

मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांना जिथे फाटे फुटतात, तिथली भिंत कमकुवत होऊन कधी कधी फुगा तयार होतो. हा ॲन्युरिझम. शंभरातल्या साधारण तीन प्रौढांत तो असतो आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही. फुटला, तर रक्त मेंदूभोवतीच्या आवरणांमध्ये पसरतं. याला सबअरॅक्नॉइड हॅमरेज म्हणतात.

ही असह्य डोकेदुखी त्याचंच लक्षण. सोबत उलट्या होतात, उजेड सोसत नाही, फिट येते किंवा शुद्ध हरपते. एका डोळ्याची पापणी अचानक खाली पडली, तर तोही इशारा समजा. मान आखडायला मात्र काही तास लागू शकतात. तोंड वाकडं झालेलं नाही, हातपाय हलताहेत, म्हणून निर्धास्त राहू नका. दुखणं कमी झालं तरी थांबू नका: फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या 24 तासांत सर्वाधिक असतो आणि दुसरा रक्तस्राव अनेकदा प्राणघातक ठरतो.

अशा वेळी 108 ला फोन करा. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन घरी परतू नका. सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय गाठा. रुग्णाला गाडी चालवू देऊ नका. ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन देऊ नका. बीपी वाढलेला दिसला तरी घरच्या घरी जादा गोळी नको. फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. कुशीवर वळवा, तोंडात पाणीही घालू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आल्या आल्या डॉक्टरांना सांगा.

डोकं कधी उठलं, ती वेळ लक्षात ठेवा. पहिल्या सहा तासांत केलेल्या सीटी स्कॅनमध्ये हा रक्तस्राव सहसा सुटत नाही. उशीर झाला, तर स्कॅन स्वच्छ दिसूनही संशय उरतो आणि मणक्यातलं पाणी तपासावं लागतं. ‘पाठीत सुई नको, माणूस अधू होतो’ या भीतीने नातेवाईक सही करत नाहीत. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात. ही भीती बाळगू नका.

मग अँजिओग्राफी करून फुगा शोधतात आणि शक्यतो 24 तासांच्या आत बंद करतात. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरतात, याला कॉइलिंग म्हणतात. किंवा कवटी उघडून फुग्याच्या मानेला क्लिप लावतात. कोणता उपाय करायचा, हे फुग्याची जागा आणि आकार पाहून ठरतं.

‘ऑपरेशन झालं, घरी कधी सोडणार?’ हा प्रश्न लगेच येतो. पण साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून अर्धांगवायूची भीती असते. म्हणून निमोडिपिन हे औषध 21 दिवस देतात आणि अतिदक्षता विभागात डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात. कवटीत पाणी साचलं, तर तेही नळीने काढावं लागतं.

बीपीची गोळी चुकवू नका, विडी-सिगारेट सोडा. आईवडील, भावंडं, मुलं यांपैकी दोघांना हा आजार झाला असेल, तर एमआर अँजिओग्राफीबद्दल न्यूरोसर्जनचा सल्ला घ्या. आणि आपल्या भागात रात्री-बेरात्री सीटी स्कॅन कुठे होतो, न्यूरोसर्जन कुठे असतो, ही माहिती आजच काढून घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.