ॲथलोनचा पूल आणि उतार

आयर्लंडच्या नकाशावर मधोमध बोट ठेवले, तर ते ॲथलोन गावाच्या आसपास येते. लोकसंख्या सुमारे २३ हजार. देशातली सर्वांत लांब नदी शॅनन गावातून वाहते. पश्चिम काठावर जुना किल्ला आहे आणि जवळच लष्कराची बराक. आयरिश भाषेत गावाच्या नावाचा अर्थ आहे 'लूअनचा उतार'. उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा.

१६९१ मध्ये राजा विल्यमच्या सैन्याने गावाचा पूर्व भाग जिंकला. पश्चिमेला राजा जेम्सचे सैन्य होते. त्यांनी पुलाची कमान तोडली होती. शत्रूने त्या खिंडारावर तुळया आणि फळ्या टाकल्या. तेव्हा सार्जंट कस्ट्यूम दहा जवानांसह कुऱ्हाडी घेऊन पुलावर धावले. सगळे मारले गेले. लगेच दुसरी तुकडी पुढे झाली. फळ्या नदीत पडल्या, पण जिवंत परतले फक्त दोघे.

दोनच दिवसांनी, ३० जूनला, शत्रू पुलाजवळच्या उतारावरून पाण्यातून चालत आला. नदीला पाणी कमी होते. बचाव करणारे गाफील राहिले आणि थोड्याच वेळात गाव पडले.

मित्रांनो, हे वाचताना मला आमचा कॅम्प आठवला. मी सेक्शन कमांडर होतो. एका साकवाचे रक्षण करायचे होते. मी सगळ्यांना साकवावरच उभे केले. दुसरी सेक्शन शंभर पावलांवरून, गुडघाभर पाण्यातून आली. नकाशात तिथे नाल्यात उतरणारी गाडीवाट होती. मी ती पाहिली होती, पण तिचा विचार केला नाही. माझ्या चुकीबद्दल सगळ्यांना बोलणी खावी लागली.

म्हणून नदीकाठी तीन गोष्टी पाहाव्यात: पाण्यापर्यंत जाणाऱ्या वाटा, त्या ऋतूतले पाणी आणि जागेचे नाव. शक्य असेल तर गावकऱ्यांनाही विचारावे.

आज ॲथलोनमध्ये बोटी लॉकमधून ये-जा करतात. हिवाळ्यात शॅननला पूर येतो. २०१५-१६ च्या पुरात सैनिकांनी गावकऱ्यांबरोबर वाळूची पोती रचली. तिथल्या बराकीला कस्ट्यूम यांचेच नाव आहे. त्यांच्या धैर्यात काहीच कमी नव्हते. असे धैर्य वाया जाऊ न देणे हे कमांडरचे काम आहे.