वर गेलेले रॉकेट नीट खाली का येत नाही?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत शिकतो. कॉलेजातल्या मुलांबरोबर तो माणसाच्या उंचीची रॉकेटे बनवून उडवतो. त्याने पाठवलेल्या एका व्हिडिओत रॉकेट झकास वर गेले, ठिपक्याएवढे झाले आणि पॅराशूट न उघडताच सरळ येऊन जमिनीत घुसले. दुसऱ्या व्हिडिओत ते जागच्या जागीच पेटले. एवढे वर नेता येते, मग नीट उतरवता का येत नाही? आणि असला धोक्याचा छंद तिथले सरकार चालू कसा देते? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या मनात दोन शंका आहेत. एक, रॉकेट बिघडते कशाने? दुसरी, ते बिघडणार हे माहीत असूनही त्याला परवानगी कशी मिळते? पहिलीचे उत्तर समजले की दुसरीचे निम्मे मिळते, म्हणून क्रमाने जाऊ.

आधी हे रॉकेट म्हणजे काय ते पाहू. दिवाळीचे रॉकेट मोठे करून हे होत नाही. दिवाळीच्या रॉकेटात काळी दारू असते. भाच्याच्या रॉकेटात बहुधा अमोनियम परक्लोरेट रबरात कालवून केलेले घट्ट इंधन असेल. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या बाजूच्या दोन मोठ्या बूस्टरमध्ये याच जातीचे इंधन होते. हे इंधन भरलेल्या नळीला मोटर म्हणतात. मोटरची ताकद इंग्रजी अक्षरांनी सांगतात आणि दर अक्षराला कमाल ताकद दुप्पट होते. ‘ए’ची कमाल अडीच न्यूटन-सेकंद, ‘जी’ची १६०, ‘एच’ची ३२०. ‘एच’पासून पुढच्या मोटरींना ‘हाय पॉवर’ म्हणतात आणि त्या विकत घ्यायला प्रमाणपत्र लागते. पहिल्या पातळीवर ‘एच’ आणि ‘आय’, दुसरीवर ‘जे’, ‘के’, ‘एल’, तिसरीवर ‘एम’पासून पुढे. दुसऱ्या पातळीला लेखी परीक्षाही आहे. पण मुख्य परीक्षा मैदानावरच होते. रॉकेट वर जाऊन, पॅराशूटने उतरून, पुन्हा उडवता येईल अशा अवस्थेत परत आणून दाखवावे लागते. किती उंच गेले याला गुण नाहीत. ‘उतरवता का येत नाही’ हा तुमचा प्रश्नच तिथल्या परीक्षेचा विषय आहे.

आता उतरण्याकडे वळू. मोटर जळते अवघी एक ते पाच सेकंद. त्यानंतर रॉकेट मिळालेल्या वेगावर चढत राहते, वेग कमी होत होत शिखरावर पोहोचते आणि तिथून खाली वळते. म्हणजे व्हिडिओत जमिनीत घुसलेल्या रॉकेटात इंधन शिल्लकच नव्हते. ते इंधनामुळे कोसळले, हा समज आधी बाजूला ठेवू. मोटरने आपले काम चोख केले होते. चुकला तो त्यानंतरचा एक क्षण.

शिखरावर वेग जवळजवळ शून्य असतो. पॅराशूट बाहेर काढायची हीच वेळ. थोडे आधी किंवा थोडे उशिरा काढले तर रॉकेट अजून वेगात असते. मग पॅराशूटला बांधलेली दोरी जोराचा हिसका देते आणि पुठ्ठ्याची नळी वरपासून हातभर उभी चिरते. साध्या रॉकेटात ही वेळ मोटरच साधते. इंधन संपल्यावर तिच्या माथ्यावरचा हळू जळणारा मसाला ठरलेले सेकंद घेतो आणि मग चिमूटभर काळी दारू पेटवतो. तिच्या वायूच्या दाबाने नाकाडे उडते आणि पॅराशूट बाहेर पडते. हे सेकंद आधी हिशेब करून ठरवावे लागतात. रॉकेटचे वजन थोडे जास्त भरले किंवा वाऱ्याने ते तिरपे गेले, की हिशेब चुकलाच.

रॉकेट किलोमीटरच्या वर जायचे असेल तर आणखी एक अडचण येते. समजा ते तीन किलोमीटर उंच गेले आणि तिथेच मोठे पॅराशूट उघडले. सेकंदाला सहा मीटरने उतरायला त्याला आठ मिनिटांहून जास्त लागतील. ताशी वीस किलोमीटरचा वारा असला तर तेवढ्यात ते पावणेतीन किलोमीटर दूर, कोणाच्या तरी शेतात किंवा झाडावर जाऊन बसेल. म्हणून शिखरावर फक्त लहान पॅराशूट सोडतात, रॉकेट बऱ्यापैकी वेगात खाली येऊ देतात आणि जमीन दीड-दोनशे मीटरवर राहिली की मोठे उघडतात. दोन पॅराशूटे म्हणजे दारूच्या दोन पुड्या, आणि त्या वेळेवर पेटवायला एक छोटे इलेक्ट्रॉनिक यंत्र. हे यंत्र हवेचा दाब मोजते. वर जाताना दाब उतरत जातो. तो उतरायचा थांबला की शिखर आले, असे ते समजते.

भानगडी सुरू होतात त्या इथे. यंत्राला बाहेरची हवा कळावी म्हणून रॉकेटच्या अंगाला बारीक भोके पाडतात. ती चुकीच्या जागी असली तर नाकाजवळून घसटणाऱ्या वाऱ्याने दाब खोटा दिसतो. रॉकेट आवाजाच्या वेगाजवळ गेले तर आघातलहरीमुळे दाबाचा आकडा एकदम उसळतो. जुनी यंत्रे यालाच शिखर समजून ताशी बाराशे किलोमीटरच्या वेगात पॅराशूट बाहेर फेकत, आणि मग रॉकेटचे तुकडेच खाली येत. आताच्या यंत्रांत वेग ओसरेपर्यंत गप्प राहण्याची सोय असते.

याहूनही साधी कारणे आहेत. उड्डाणाच्या वेळी रॉकेटातली प्रत्येक वस्तू दहापट जड होते असे धरा. ४५ ग्रॅमची नऊ व्होल्टची बॅटरी मग साडेचारशे ग्रॅमच्या ओढीने आपल्या जागेतून सुटू पाहते. ती नुसत्या चिकटपट्टीने धरली असेल तर तार निसटते आणि यंत्र मुके होते. पावसाळी हवेत पुठ्ठ्याचे जोड फुगतात, नाकाडे घट्ट बसते आणि दारूचा दाब त्याला ढकलू शकत नाही. पॅराशूटभोवतीचे आगरोधक कापड नीट गुंडाळले नसेल तर नायलॉन वितळून त्याचा गोळा होतो. आणि सर्वांत जिवाला लागणारी चूक म्हणजे यंत्राचे बटण चालू करायला विसरणे. दारूची पुडी माणसाच्या तोंडासमोर उडू नये म्हणून यंत्र रॉकेट उभे केल्यावर, शेवटच्या मिनिटाला चालू करायचे, असा दंडक आहे. त्याच घाईत ते राहून जाते. म्हणून अनुभवी मंडळी रॉकेटच्या भोकाला कान लावून यंत्राचे ‘पिप पिप’ मोजतात. दोन्ही पुड्यांच्या तारा जोडलेल्या असतील तर ठरावीक पिप वाजतात. कमी वाजले तर रॉकेट खाली घ्यायचे, मागे कितीही रांग असो.

पॅराशूट न उघडलेले तीन किलोचे, दहा सेंटिमीटर जाडीचे रॉकेट नाकावर येत असेल तर त्याचा वेग ताशी चारशे किलोमीटरच्या आसपास जातो. जमिनीत घुसते ते यामुळे. अशा रॉकेटाकडे लगेच धावत जायचे नसते, कारण पुड्या न पेटताच ते कोसळलेले असू शकते. आधी यंत्र बंद करायचे आणि मगच ते उपसायचे. भाच्याला हे माहीत आहे ना, तेवढे विचारून घ्या.

आता दुसरा व्हिडिओ. जागच्या जागी पेटणे हा मात्र खरोखरच मोटरचा दोष. इंधनाच्या वड्यांना मधून आरपार भोक असते आणि त्या आतून जळतात. मोटरमधला दाब दोन गोष्टींवर ठरतो : किती पृष्ठभाग जळतो आहे आणि खालच्या तोंडातून किती वायू बाहेर पडू शकतो. वडीला तडा गेला असेल तर तडाही जळू लागतो. जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो, तोंड मात्र तेवढेच राहते. हवेच्या दाबाच्या तीस-साठपट दाब सोसणारी नळी मग हार मानते. दुसरे कारण म्हणजे ओ-रिंग, जोडावर बसवलेले रबरी कडे. त्यावर बारीकशी चीर असली, ग्रीस कमी पडले किंवा कडे बसवायचेच राहिले, तर तापलेला वायू तिथून वाट काढतो आणि वरच्या पुठ्ठ्यात शिरतो. २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर यान नष्ट झाले तेही थंडीत कडक झालेल्या ओ-रिंगमुळेच. कडे कुठलेही असो, त्याचे काम तेच आहे.

व्हिडिओत हा स्फोट वाटतो, पण नळी फुटते आणि इंधन धडाधडा जळते एवढेच घडते. हा फरक न्यायालयातही गेला होता. अमेरिकेच्या स्फोटक नियंत्रण खात्याने या इंधनाला स्फोटकांच्या यादीत धरले. छंद जोपासणाऱ्या दोन संस्था, नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन, त्याविरुद्ध २००० साली न्यायालयात गेल्या. २००९च्या मार्चमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

वाट चुकून आडवे जाणारे रॉकेट हा तिसरा प्रकार. मोटर वजनाच्या मानाने दुबळी असेल तर उड्डाणाच्या सुरुवातीला आधार देणाऱ्या रुळावरून सुटताना वेग कमी पडतो आणि पंखांना हवेची पकड मिळत नाही. सेकंदाला पंधरा मीटर हा साधारण ठोकताळा आहे. शिवाय रॉकेटचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या मध्याहून किमान एका व्यासाइतका पुढे हवा. हा दाबमध्य कागदावर काढण्याची रीत नासातल्या जेम्स बॅरोमन यांनी १९६०च्या दशकात हौशी मंडळींना दिली, आणि आजही शाळकरी मुले तीच वापरतात.

आता सरकारची गोष्ट. १९५७च्या ऑक्टोबरमध्ये स्पुटनिक उडाले आणि अमेरिकेतली पोरे घराच्या तळघरात लोखंडी नळ्यांत जस्त-गंधक, काड्यापेटीचे गूल ठासू लागली. बोटे गेली, डोळे गेले, जीवही गेले. त्याआधीच, १९५४ साली, नेब्रास्कातले चपलांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांनी भावाबरोबर कागदी नळीची, बदलता येणाऱ्या तयार मोटरीची छोटी रॉकेटे केली होती. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेले जी. हॅरी स्टाइन यांना त्यांनी ती पाठवली. इंधन घरी करायचे नाही, मोटर कारखान्यातली घ्यायची, अंगाला पोलाद लावायचे नाही, हे या छंदाचे नियम तिथून आले. सरकारने हा छंद बंद करण्याऐवजी नियमात बसवला, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. तळघरातल्या पोरांना नुसत्या बंदीने थांबवता आले नसते.

या नियमांचा पाया असा की रॉकेट बिघडणार हे धरूनच चालायचे. ‘एच’ मोटरपासून माणसे निदान ३० मीटर दूर, ‘एम’पासून १५० मीटर, ‘ओ’पासून साडेचारशे. वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर गेला की उड्डाण बंद. ढगांत रॉकेट सोडायचे नाही. वरचे आकाश विमान खात्याकडून आधी मागून घ्यायचे. बटण दाबून रॉकेट पेटलेच नाही तर मिनिटभर कोणी जवळ जायचे नाही. प्रत्येक रॉकेट आधी सुरक्षा अधिकाऱ्याच्या हातातून जाते. तो पंख हलवून बघतो, दोरी ओढून बघतो आणि नको म्हणाला तर वाद घालायचा नसतो. रॉकेट पॅराशूटशिवाय येताना दिसले की मैदानभर आरोळी उठते, बसलेले उभे राहतात आणि सगळे आकाशाकडे बोट दाखवतात. ज्याला दिसत नाही त्यालाही मग दिसते. रॉकेट गेले तरी माणूस वाचतो तो या व्यवस्थेमुळे.

मोठ्यांचीही रॉकेटे पडतातच. नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटातून हौशी मंडळींचे पहिले रॉकेट अवकाशात पोहोचले ते १७ मे २००४ रोजी. त्याच चमूची २००२मधली मोटर काही सेकंदांत फुटली होती. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचेही आधीचे प्रयत्न फसले आणि २०१९च्या एप्रिलमध्ये न्यू मेक्सिकोतून त्यांना यश आले. तेव्हा भाच्याचे रॉकेट पडले म्हणून त्याला बोलू नका. नळीत भरलेली माती काढून, यंत्रातली नोंद वाचून कारण शोधले का, ते मात्र विचारा.

आणि एक विनंती. व्हिडिओ पाहून घरातल्या मुलांना हुरूप आला तर त्यांनी साखर-सोरा किंवा फटाक्यांची दारू नळीत ठासायला जाऊ नये. आपल्याकडे विनापरवाना स्फोटके बनवणे १८८४च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि परवाने देणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. त्याऐवजी पाण्याचे रॉकेट करा. बाटलीत एक तृतीयांश पाणी, सायकलचा पंप, पुठ्ठ्याचे पंख आणि प्लास्टिकच्या पिशवीचे पॅराशूट. गुरुत्वमध्य, पंख, न उघडणारे पॅराशूट, सगळे धडे त्यात आहेत. बाटली मात्र सोडावॉटर किंवा कोलाची घ्या, कारण ती दाबासाठीच बनवलेली असते. साध्या पाण्याची बाटली तेवढा दाब धरत नाही. आणि पंप मारताना मुलांना चांगले दहा-बारा पावले लांब उभे करा.