पहिला मासा आणण्याआधी

डॉमिनो डॅमसेल लहान असताना फार गोजिरा दिसतो. काळंभोर अंग, कपाळावर एक आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना एकेक पांढरा ठिपका. स्वस्त आणि चिवट, म्हणून खाऱ्या पाण्याची टाकी पहिल्यांदाच मांडणाऱ्याला दुकानदार बहुधा हाच मासा आधी देतात. मलाही तोच मिळाला. "टाकी तयार होईपर्यंत हे दोन सोडा. जगले तर तुमचे, मेले तर फार काही गेलं नाही," असं म्हणत दुकानदाराने पिशवीला रबर लावलं.

ते जगले. मग मोठ्याने धाकट्याला मारलं आणि टाकीतल्या खडकांची सगळी रास एकट्याची केली. त्यानंतर आणलेली क्लाउनफिशची जोडी खडकाजवळ कधी फिरकूच शकली नाही. दोघं वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे चिकटून असायचे. शेपट्या फाटल्या, खाणं सुटलं, एक दगावला. फायरफिश हा अतिशय भित्रा मासा. तो रात्रीतून टाकीबाहेर पडला आणि सकाळी फरशीवर वाळलेला सापडला. पाणी तपासावं तर प्रत्येक वेळी चांगलं. अमोनिया शून्य, क्षारता बरोबर, तापमान बरोबर. माझे मासे पाण्याने मेले नाहीत, शेजाऱ्याने मेले.

नव्याने टाकी मांडणारे पाण्याची काळजी करतात, ती करायलाच हवी. पण कोणाशेजारी कोणाला ठेवायचं याचा विचार बहुतेकदा राहून जातो. प्रवाळखडकांवर डॅमसेल आपल्या हद्दीत शिरणाऱ्याला पिटाळतो. स्वतःहून कितीतरी मोठ्या माशावर, अगदी पाण्यात उतरलेल्या माणसावरही तो धावून जातो. तिथे पळणाऱ्याला समुद्र मोकळा असतो. थोडं लांब गेलं की भांडण मिटतं. तीन फुटांच्या टाकीत लांब जायला जागाच नसते. हरलेला मासा पुन्हा पुन्हा त्याच्याच नजरेला पडतो आणि दिवसभर मार खातो. दुकानातल्या टाकीत मात्र हेच डॅमसेल शांत दिसतात, कारण तिथे दाटी इतकी असते की कोणालाच हद्द आखता येत नाही. दुकानात पाहिलेल्या स्वभावावर म्हणून विसंबू नका.

टाकी 'तयार' करायला मासा लागतच नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, तो विषारी असतो. एका प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. हे जीवाणू खडकांवर आणि फिल्टरमध्ये वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. रिकाम्या टाकीत सोललेल्या कोळंबीचा एक तुकडा कुजायला टाकला की त्यांना खाद्य मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकले की टाकी तयार झाली. त्यासाठी जिवंत मासा अमोनियात होरपळू देणं क्रूरपणाचं आहे, आणि तो जगला तर पुढे सगळ्यांना जाचतो. डॅमसेलपासून सुरुवात करण्याचा सल्ला या धंद्यातला सगळ्यात वाईट सल्ला आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता कोणते मासे घ्यावेत? दोनशे लिटरची टाकी धरू. एवढ्या पाण्यात चार-पाच लहान मासे, त्याहून जास्त नाहीत. गोड्या पाण्याचा हिशेब इथे चालत नाही, कारण खाऱ्या आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मुंबई-ठाण्याच्या मे महिन्यात पाणी तिशीच्या वर गेलं की हे लगेच जाणवतं.

माझ्या यादीत पहिला फायरफिश, एकटाच, आणि टाकीवर बारीक जाळीचं झाकण असेल तरच. दुसरा वॉचमन गोबी. हा वाळूत बीळ धरून राहतो आणि पिस्टल कोळंबीशी त्याची भागीदारी असते. कोळंबीला नीट दिसत नाही, ती बीळ खणते. गोबी दाराशी पहारा देतो. तासन्‌तास पाहावं असं हे दृश्य आहे. तिसरा बांगाई कार्डिनल. हा इंडोनेशियातल्या मोजक्या बेटांभोवतीच सापडतो आणि अतिपकडीमुळे तिथे संकटात आहे, तेव्हा टाकीत जन्मलेलाच घ्यावा. एकच घ्यावा, कारण दोन नर एकत्र आले की एक मरतो.

सगळ्यात शेवटी क्लाउनफिशची जोडी, ज्यांना दुकानात सगळे 'नीमो' म्हणतात. त्यातला ऑसेलॅरिस हाच नवख्याने घ्यावा. मरून क्लाउन फार भांडखोर. क्लाउनफिश आधी सगळे नर असतात आणि गटातला सर्वांत मोठा मादी होतो. म्हणून एक मोठा आणि एक लहान असे दोन घेतले की जोडी आपोआप जमते. सारख्या आकाराचे दोन प्रौढ घेतले तर मारामारी ठरलेली. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलं आहे, त्यामुळे आपल्याकडे टाकीत जन्मलेली पिल्लं मिळू शकतात. ती घ्या. सी अ‍ॅनिमोन नसला तरी त्यांचं काही अडत नाही.

हा क्रमही महत्त्वाचा आहे. भित्रा आधी, दांडगा शेवटी. आधी आलेल्याला आपली जागा धरू द्यावी. नवा मासा सोडताना खडकांची मांडणी थोडी बदलली तर जुन्यांच्या हद्दी मोडतात आणि सगळ्यांची सुरुवात नव्याने होते. रंगाने आणि ठेवणीने सारखे दिसणारे मासे एकत्र नकोत, कारण मासा सारखा दिसणाऱ्यालाच पहिला शत्रू मानतो. रॉयल ग्रामा आणि रॉयल डॉटीबॅक हे दोघेही पुढून जांभळे, मागून पिवळे. ग्रामाचे रंग एकमेकांत मिसळत जातात, डॉटीबॅकचे एका रेषेवर तुटतात. स्वभावात मात्र मोठा फरक आहे: ग्रामा निभावून नेतो, डॉटीबॅक लहान टाकीत कोणाला सुखाने राहू देत नाही. घेताना ती रेषा बघा.

काही माशांना नाहीच म्हणायचं. 'डोरी' म्हणून विकला जाणारा ब्लू टँग नाण्याएवढा असताना मिळतो आणि फूटभर वाढतो. लायनफिशच्या काट्यांना विष असतं, आणि तोंडात मावेल तो शेजारी तो गिळतो. क्लीनर रास दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो, लहान टाकीत त्याची उपासमार होते. सगळ्यात जीव तुटतो तो मँडरिनसाठी. इतका सुंदर मासा क्वचितच असेल. तो खडकांवरचे सूक्ष्म कोपेपॉड दिवसभर टिपत असतो, आणि नव्या टाकीत ते नसतातच. वरून घातलेल्या दाण्यांना तो सहसा तोंड लावत नाही, आणि आपल्या डोळ्यांदेखत खंगत जातो. समुद्रघोडे आणि कठीण प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. कोणी गुपचूप देऊ केले तरी घेऊ नका.

दुकानात मासा पसंत पडला की दुकानदाराला तुमच्यासमोर त्याला खायला घालायला सांगा. खात नसेल तर तो आणू नका. घरी आणल्यावर साधारण चार आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवा. खाऱ्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण तेच औषध मुख्य टाकीतल्या कोळंब्यांना मारतं.

माझा डॉमिनो अखेर सगळे खडक बाहेर काढून धरावा लागला. मोठ्या टाकीत दांडगे मासे पाळणाऱ्या एका परिचितांनी तो नेला. तुमच्याकडेही असा नकोसा मासा असेल तर दुकानाला परत द्या, मोठी टाकी असलेल्याला द्या, पण खाडीत किंवा समुद्रात सोडू नका. आपल्या हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसला, बहुधा कोणाच्या तरी टाकीतून सुटलेला. आज तो कॅरिबियनभर पसरला आहे आणि तिथल्या खडकांवरची लहान मासळी फस्त करतो आहे.