जांघेतली गाठ, लघवीतलं रक्त

हर्निया म्हटलं की आतडं उतरलं, असंच आपण समजतो. बहुतेकदा ते खरंही असतं. पण पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांत कधी कधी मूत्राशयाचा, म्हणजे लघवीच्या पिशवीचा भागही त्या गाठीत उतरतो. जांघेच्या 100 हर्नियांत साधारण 1 ते 4 वेळा असं आढळतं. उतरलेल्या भागात कॅन्सर असणं फारच क्वचित. तरी लिहिते आहे, कारण लाज आणि अर्धवट तपासणी एकत्र आली की निदान हुकतंच.

अशा माणसाला लघवी दोनदा होते. एकदा होऊन गेली तरी गाठ हाताने दाबल्यावर पुन्हा येते. वॉर्डात असताना असे काका बघितले, पण मला बाईला कोण सांगणार! मुलगा बाजूला घेऊन कुजबुजायचा.

लघवीत रक्त दिसलं की घरचे म्हणतात, उन्हाळी लागली, धणे-जिऱ्याचं पाणी द्या. उन्हाळीत आग होते. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा काहीच दुखत नाही; रक्त एकदा येतं आणि आपोआप थांबतं. थांबलं म्हणून बरं झालं असं नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि रंगाच्या कारखान्यात राबलेल्यांनी तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.

सोनोग्राफीला लघवी भरलेली ठेवून जा आणि सांगा, फक्त पोट नको, जांघ आणि अंडाची पिशवीही बघा. संशय आला तर सीटी स्कॅन. शिरेतून दिलेलं औषध किडनीतून मूत्राशयात उतरतं. थोड्या वेळाने काढलेल्या फोटोत मूत्राशय पांढरं दिसतं, त्याची शेपटी हर्नियात गेलेली दिसते, आणि गाठ असेल तिथे पांढऱ्यात काळी खाच पडते. फोटो वरच थांबला तर ही शेपटी सुटते, म्हणून चिठ्ठीवर हर्निया लिहिलेला हवा. दुर्बिणीची तपासणी लागतेच, कारण तुकडा काढून तपासल्याशिवाय कॅन्सर पक्का होत नाही; पण हर्नियातल्या कोपऱ्यापर्यंत दुर्बीण कधी कधी पोचत नाही. तिथे स्कॅनच वाट दाखवतो.

हे हर्नियाच्या ऑपरेशनआधीच कळायला हवं. नाहीतर नकळत मूत्राशयाला कात्री लागू शकते. आणि कॅन्सर असेल तर ऑपरेशनच वेगळं ठरतं.

स्कॅनआधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट लागतो. शुगरच्या गोळ्या चालू असतील, पूर्वी इंजेक्शनची ॲलर्जी झाली असेल तर आधी सांगा. खर्चासाठी रेशनकार्ड, आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.