कानांनी वाचताना: फुकटचा, विकतचा आणि आपली मराठी

मागच्या अंकात माझा एक छोटा लेख आला होता. अंक निघाला त्या दिवशी वर्गात सगळ्यांनी मोबाईलवर उघडला. मैत्रिणी म्हणाल्या, "मस्त झालाय गं!" संध्याकाळी घरी येऊन मी तो लॅपटॉपवर उघडला, तर संगणक म्हणाला, दस्तऐवज रिकामा आहे. माझाच लेख मला वाचता आला नाही.

मी पूर्ण अंध आहे आणि संगणक कानांनी वाचते. घरात सगळ्यांना वाटलं, हिचं फुकटचं सॉफ्टवेअर कमी पडतंय. बाबा म्हणाले, "विकतचं घेऊ की. पैशाचं मी बघतो." ते पैसे कुठून येणार हे मला माहीत होतं. यंदा त्यांची भिशी लागणार होती आणि ती रक्कम धाकट्या भावाच्या फीसाठी ठेवलेली होती. म्हणून मी म्हटलं, आधी मला नीट तपासू द्या. त्या तपासणीत जे कळलं ते इथे मांडते.

आधी थोडी ओळख. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली. तिचे दोन भाग असतात. एक भाग संगणकाला विचारतो, की आत्ता समोर काय आहे: बटण, मथळा, दुवा की साधं वाक्य? दुसरा भाग म्हणजे आवाज, जो ते उत्तर बोलतो. हे दोन भाग वेगळे आहेत हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. माऊसचा आम्हाला उपयोग नसतो, सगळं काम कीबोर्डवर चालतं. वेबपानावर 'एच' दाबलं की पुढचा मथळा, 'के' दाबलं की पुढचा दुवा, 'टी' दाबलं की पुढचा तक्ता.

आता प्रकार. पहिला, संगणकासोबतच येणारा. विंडोजमध्ये २००० सालापासून नॅरेटर आहे. कंट्रोल, विंडोज आणि एंटर ही बटणं एकत्र दाबली की तो बोलू लागतो. अॅपलच्या मॅकमध्ये २००५ पासून व्हॉइसओव्हर आहे.

दुसरा, विकतचा. यात सर्वांत नावाजलेला जॉज. टेड हेंटर हे मोटारसायकल शर्यतीत भाग घेणारे अमेरिकन गृहस्थ. १९७८ मध्ये मोटारीच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. पुढे ते संगणकाकडे वळले आणि १९८९ मध्ये डॉससाठी जॉज बाजारात आला. त्याचा कायमचा परवाना घ्यायचा तर रक्कम एखाद्या चांगल्या लॅपटॉपच्या किमतीला भिडते.

तिसरा प्रकार या दोन्हींच्या मधला: वेगळा उतरवून घ्यायचा, पण मोफत. तो म्हणजे एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी २००६ मध्ये तो लिहायला घेतला आणि जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध, आणि दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात झालेली. अंध माणसाने डोळस माणसापेक्षा जास्त पैसे मोजून संगणक का वापरावा, हा त्यांचा साधा प्रश्न होता. मी हाच वापरते.

वेबएम या अमेरिकन संस्थेच्या २०२३-२४ च्या पाहणीत १५३९ जणांनी उत्तरं दिली. मुख्य स्क्रीन रीडर म्हणून ४०.५ टक्क्यांनी जॉज सांगितला, ३७.७ टक्क्यांनी एनव्हीडीए. उत्तरं देणारे बहुतेक उत्तर अमेरिका आणि युरोपातले होते हे ध्यानात घ्यायला हवं. तरी एवढं दिसतं, की फुकटचा म्हणून एनव्हीडीएला कुणी दुय्यम समजत नाही.

मग मी तिघांकडून सारखीच कामं करून घेतली. जॉज विकत न घेताही चाळीस मिनिटं चालतो, मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. तेवढ्यावर भागवलं.

पहिलं काम, अनोळखी संगणकावर बसणं. इथे नॅरेटर जिंकला. कॉलेजच्या लॅबमध्ये काही उतरवायची परवानगी नसते, पण तो तिथे आधीच हजर. एनव्हीडीए पेन ड्राइव्हवर घालून नेता येतो हे खरं, पण तसा चालवला की लॉगिनचा आणि परवानगी मागणारा पडदा तो वाचू शकत नाही. तिथे पुन्हा नॅरेटरच लागतो.

दुसरं काम, निकालाचं वेबपान आणि वर्ड फाइल. तिघांनीही वाचलं. वेबपानावर मला एनव्हीडीए चपळ वाटला, पण हात त्यालाच सरावलेले असल्यामुळेही तसं वाटलं असेल.

तिसरं काम, मोठा एक्सेल तक्ता. इथे जॉजचं वजन कळलं. कुठल्या रांगेचं, कुठल्या स्तंभाचं शीर्षक काय, हे तो फार नीटसपणे सांगतो. शिवाय एखादं कार्यालयीन सॉफ्टवेअर बोलतच नसेल, तर त्याच्यासाठी जॉजमध्ये खास स्क्रिप्ट लिहिता येते. विकतच्याचा खरा फायदा नोकरीच्या जागी आहे, आणि तिथे तो परवाना संस्थेने घ्यायचा असतो, बाबांच्या भिशीने नव्हे!

चौथं काम, आपली मराठी. इथे स्क्रीन रीडरपेक्षा आवाज महत्त्वाचा. एनव्हीडीएसोबत ई-स्पीक नावाचा मोफत आवाज येतो. त्यात मराठी आहे आणि कन्नडही आहे, म्हणून बेळगावात राहणाऱ्या मला तो सोयीचा. आवाज डब्यातून बोलल्यासारखा आहे, पण सवय होते. हिंदी आवाज लावून मराठी ऐकली, तर 'चूल' आणि 'चमचा' यांतला 'च' थेट 'चंद्र'मधल्या 'च'सारखा येतो. 'झाड' ऐकून तर आई हसायलाच लागली. आणखी एक अडचण शुद्धलेखनाची. 'दिन' आणि 'दीन' कानाला जवळजवळ सारखेच लागतात, म्हणून लिहिताना शब्दावर थांबून अक्षर न् अक्षर ऐकावं लागतं. माझ्या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर सर, थोडं सांभाळून घ्या.

पाचवं काम म्हणजे आपला अंक. नॅरेटर गप्प. एनव्हीडीए गप्प. हजारो रुपयांचा जॉजसुद्धा गप्प! कारण साधं होतं: काही पानं छापून, स्कॅन करून जोडलेली होती. डोळ्यांना ती अक्षरं दिसतात, पण संगणकासाठी तो नुसता फोटो. माझा लेख त्यातच होता. चित्रातली अक्षरं ओळखायची सोय एनव्हीडीए आणि जॉज दोघांत आहे. ती वापरली तर त्या मराठी पानातून तुटके इंग्रजी तुकडे निघाले. गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडल्यावर मजकूर मिळाला, पण जोडाक्षरांची मोडतोड झालेली.

उरलेली पानं डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये होती. या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर. स्क्रीन रीडर आतलं वाचतो, त्यामुळे एका मैत्रिणीची कविता मला इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी म्हणून ऐकू आली. युनिकोडमध्ये मात्र आतही 'क'च असतो, म्हणून तो कुणालाही वाचता येतो.

रात्री मी बाबांना सांगितलं, "विकतचा नको. त्यानेही माझा लेख वाचला नसता." बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग तुझ्या मंडळाला सांग की."

म्हणून सांगते. नवं शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्याने नॅरेटर सुरू करायची युक्ती पाठ करावी, रोजच्या कामाला एनव्हीडीए घ्यावा, आणि नोकरीत लागेल म्हणून जॉजची तोंडओळख त्या चाळीस मिनिटांत करून ठेवावी. आणि आपण, लिहिणाऱ्यांनी, तीन गोष्टी कराव्यात. लेख युनिकोडमध्येच टाइप करून पाठवावा, हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो नको. शीर्षकं नुसती ठळक न करता वर्डमधली मथळ्याची शैली लावावी, म्हणजे 'एच' दाबून थेट तिथे पोचता येतं. चित्र असेल तर त्यात काय आहे ते एका ओळीत लिहावं. संपादकांना विनंती, की पीडीएफसोबत अंकाची वर्ड फाइलही ठेवावी, कारण पीडीएफ करताना देवनागरीची जोडाक्षरं कधी कधी आतून विस्कटतात.

यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. हा लेख मी युनिकोडमध्ये पाठवला आहे. अंक निघाला, की संध्याकाळी घरी जाऊन तो उघडून बघणार आहे.