सदाफुली दारात लावा, पोटात नको

वस्तीतल्या घरांना अंगण कुठलं? तरी तेलाच्या डब्यात, फुटक्या बादलीत सदाफुली दिसतेच. पांढरी नाहीतर गुलाबी. लावायला सोपी. डब्याच्या बुडाला खिळ्यानं चार भोकं पाडा, मातीत थोडी वाळू मिसळा आणि वाळल्या शेंगेतलं काळं बी वर भुरभुरा. ऊन भरपूर हवं. पाणी माती सुकल्यावरच. जास्त झालं की मूळ कुजतं. शेंडे खुडले की फांद्या फुटतात, फुलंही वाढतात. डब्याखाली ताटली असेल तर ती आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास अशाच साठल्या पाण्यात वाढतो.

एवढ्यावर आम्ही थांबलो असतो. पण वस्तीत शुगर तपासायला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "सिस्टर, मी रोज सदाफुलीची पानं चावते, गोळी सोडली." मागे एक मावशी पायाची जखम चिघळल्यावर आल्या. शुगर ४०० च्या वर. तीन महिने गोळी बंद, सकाळी पानं चालू. पानांनी शुगर उतरली का, हे त्यांनी एकदाही मोजून पाहिलं नव्हतं. शेजारणीनं सांगितलं, एवढंच.

ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. झाड मूळचं मादागास्करचं. जमैकात लोक त्याच्या पानांचा काढा मधुमेहावर पीत. ते कळल्यावर १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी पानांचा अर्क उंदरांवर तपासला. साखर उतरली नाही. उतरल्या त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे जखमेतल्या जंतूंशी लढणाऱ्या! त्यातूनच कर्करोगावरचं विनब्लास्टिन मिळालं. पुढे याच झाडातून विनक्रिस्टिन आलं; ते रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना देतात.

म्हणजे झाडात औषध आहे, आणि तेच भय आहे. विनक्रिस्टिन मापून, फक्त शिरेतून देतात, तरी हातापायांना मुंग्या येतात का ते बघत राहावं लागतं. तुमच्या चार पानांत काय किती आहे, ते कोण मोजणार? मधुमेह्याचे पाय आधीच बधिर, जखम आधीच हट्टी. गरोदर बाईनं तर पान तोंडातही घालू नये. लहान मुलांच्या हाताला लागेल असा डबा ठेवू नका.

गोळी सोडली असेल तर या आठवड्यातच दवाखान्यात जा आणि पानं खात होतो हे सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. एकट्यानं जायची भीती वाटत असेल तर आम्ही सोबत येऊ.