आतड्याचे दुखणे आणि मंडळीचा कळवळा

शास्त्रभाग: मार्क 5:25-34; 1 करिंथ 12:22-26
पाठांतर: 1 करिंथ 12:26

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील शब्बाथशाळेचा एक तरुण शिक्षक उपासना चालू असता वारंवार उठून बाहेर जाई. कधी कधी दोन-दोन रविवार तो येतच नसे. मी एकदा त्याला बाजूला घेऊन सुनावले, "देवाच्या घरात मन लागत नसेल तर वर्ग दुसऱ्याकडे देऊ." तो काही बोलला नाही. पुढे त्याच्या आईकडून कळले की, त्याला दिवसातून दहा-बारा वेळा शौचास जावे लागते व रक्तही पडते. आमच्या मंदिरात शौचकूप नव्हता म्हणून तो शेजारच्या घरी जात असे. माझ्या बोलण्यानंतर त्याने मंदिरात येणेच सोडले होते. प्रस्तुत पाठाचा आरंभ माझ्या त्या चुकीतून झाला आहे.

1. हे दुखणे काय आहे?

या तरुणाला 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' हा विकार होता. यात मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला सूज येऊन व्रण पडतात. इंग्लंडमधील डॉक्टर सॅम्युएल विल्क्स यांनी 1859 साली या विकाराचे वर्णन केले. याच जातीचा दुसरा विकार 'क्रोन्स'. तो पचनमार्गाच्या कोणत्याही भागात होऊ शकतो. न्यूयॉर्कचे डॉक्टर बरिल क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1932 साली तो जगापुढे मांडला.

शरीराचे रक्षण करणारी शक्तीच येथे आपल्या आतड्यावर उलटते. असे का होते याचे पूर्ण कारण सापडलेले नाही. पण हा रोग संसर्गजन्य नाही. रोग्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याच्या शेजारी बसल्याने तो होत नाही. पुष्कळदा तो ऐन तारुण्यात सुरू होतो, काही काळ शांत राहतो व पुन्हा उसळतो. औषधांनी तो बहुधा आटोक्यात राहतो, मात्र बरे वाटले म्हणून औषध आपल्या मनाने सोडू नये. काहींवर शस्त्रक्रिया करावी लागते व पोटावर पिशवी लावून मलविसर्जनाची सोय करतात.

आपल्याकडे रक्त पडले की मूळव्याध समजून महिनोन्महिने घरगुती उपाय चालतात. आतड्याचा क्षय व क्रोन्स यांची लक्षणेही इतकी सारखी असतात की निदान अवघड जाते. म्हणून शौचातून रक्त पडत असेल तर लाज न धरता डॉक्टरांना दाखवावे.

2. बारा वर्षे लपविलेले दुखणे

मार्काच्या शुभवर्तमानातील त्या स्त्रीचे दुखणे निराळे होते, पण तिची लाज हीच होती. पुष्कळ वैद्य झाले, जवळचे सर्व धन खर्च झाले, तरी गुण नाही. शिवाय लेवीय 15:25-27 प्रमाणे ती अशुद्ध ठरे आणि तिच्या अंथरुणाला शिवणाराही अशुद्ध होई. म्हणून ती मागून, गर्दीतून, चोरून आली.

याइराची मुलगी मरणाच्या दारी असताना प्रभू येशू या स्त्रीसाठी वाटेत थांबला. ती केव्हाच बरी झाली होती, मग त्याने तिला पुढे का बोलाविले? लाजविण्यासाठी नव्हे. ती चोरून बरी होऊन गेली असती, तर लोकांच्या लेखी अशुद्धच राहिली असती. प्रभूने सर्वांसमक्ष तिला मुलगी म्हटले आणि समाजात तिची जागा तिला परत दिली.

3. पाप कोणाचे?

"काय खाल्ले होते?", "विश्वास कमी पडला", "कोणते तरी पाप असेल" ही वाक्ये आपल्या घरभेटींत सहज निघतात. योहान 9:1-3 मध्ये प्रभूने असा हिशेब मांडण्यास नकार दिला. तीमथ्याला तर पोटाची व वारंवार दुखण्याची पीडा होती (1 तीमथ्य 5:23). पौलाने त्याच्या विश्वासाची तपासणी केली नाही किंवा त्याची सेवाही काढून घेतली नाही. मी मात्र नेमके तेच करावयास निघालो होतो.

4. आतडे तुटणे

लोकसमुदायाला पाहून येशूला कळवळा आला, असे मार्क 6:34 मध्ये आहे. मूळ ग्रीक शब्द पोटातील अवयवांच्या नावावरूनच बनलेला आहे. आपल्या मराठीतही मायेच्या माणसासाठी आतडे तुटते. ज्या अवयवाचे नाव सभेत घेण्यास आपण संकोचतो, त्याच्याच नावाने पवित्र शास्त्र प्रभूच्या दयेचे वर्णन करते! पौलही सांगतो की, शरीराच्या ज्या अंगांना आपण कमी मानाची समजतो, त्यांनाच अधिक मान द्यावा.

5. मंडळीने काय करावे?

अ) मंदिरात स्वच्छ शौचकूप असावा, त्यात पाणी व आतून कडी असावी. हीही सेवाच आहे.
आ) दाराजवळची जागा अशांसाठी मोकळी ठेवावी; उठून जाणाऱ्याकडे वळून पाहू नये.
इ) प्रीतिभोजनात पानावर आग्रह करू नये. उपासाच्या प्रार्थनेत न जेवण्याची सक्ती नसावी.
ई) रोग्याच्या संमतीवाचून त्याच्या रोगाचे नाव जाहीर प्रार्थनेत घेऊ नये. सांगणे न सांगणे त्याच्या मर्जीवर; ऐकून घेण्याजोगे कान मात्र आपण तयार ठेवावे.
उ) लग्नाच्या बोलण्यात अशा मुलामुलींविषयी कुजबूज करू नये. ही माणसे संसार करतात, मुलेबाळेही वाढवितात.

मी त्या तरुणाच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तो म्हणाला, "दादा, तुम्ही रागावलात त्याचे दुःख नव्हते. खरे कारण सांगितले असते तर तुम्ही हसाल, असे वाटले होते." हे शब्द मला अद्याप बोचतात. त्याचे दुखणे गेलेले नाही. पण मंदिराच्या आवारात आता शौचकूप आहे आणि त्याचा वर्ग त्याच्याकडेच आहे.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

1. त्या स्त्रीला प्रभूने सर्वांसमोर का बोलाविले?
2. आपल्या मंडळीत कोण हल्ली येईनासे झाले आहे? कारण न विचारता आपण काय ठरवून टाकले?
3. आपल्या मंदिरातील कोणती एक अडचण या महिन्यात दूर करता येईल?